पंप बरा की नळकांडे?

सायकल हे साध्या माणसाचे वाहन आहे. तिला पेट्रोल लागत नाही आणि चालवण्यासाठी परवानाही लागत नाही. सातारा आणि सांगली हे आपले दोन शेजारी जिल्हे. येथे आता मोटारसायकली पुष्कळ वाढल्या आहेत. तरीही सकाळी रस्त्याच्या कडेला थोडा वेळ उभे राहून पाहा. शाळेला निघालेली मुले-मुली, दूध घालणारे, वर्तमानपत्रे टाकणारे, कारखान्याच्या पाळीवर जाणारे कामगार असे कितीतरी लोक सायकलीवरून जाताना दिसतील. सांगली-मिरजेकडे कृष्णाकाठची जमीन सपाट आहे, त्यामुळे तेथे सायकल हलकी चालते. साताऱ्यात मात्र जागोजागी चढ आणि उतार आहेत. यवतेश्वरचा घाट चढताना पायांची परीक्षा होते आणि उतरताना ब्रेकची.

सपाटीवर असो की घाटात, सायकल खरी चालते ती हवेवर. टायरमधली हवा गेली, की चांगली नवी सायकलसुद्धा हातात धरून ढकलत न्यावी लागते. शेताच्या बांधावर पडलेला बाभळीचा एक काटा किंवा पायवाटेवरचा एक सराटा एवढे काम सहज करतो. मग शाळेची घंटा चुकते, पहिला तास बुडतो. गाव लांब असेल आणि सायकल वारंवार बंद पडत असेल, तर एखाद्या मुलीची शाळाच बंद होण्याची वेळ येते. म्हणून टायरमध्ये हवा कशी भरायची, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही.

हवा भरण्यासाठी पूर्वीपासून पंप वापरला जातो. येथे पंप म्हणजे विहिरीचा किंवा बोअरचा नव्हे, तर हाताने दांडा खालीवर करून सायकलीत हवा भरायचा पंप. आता त्याच्या जोडीला एक नवी वस्तू आली आहे. बोटभर लांबीचे, पोलादी, गॅसने भरलेले नळकांडे. त्यावर तोटी बसवून ती टायरच्या व्हॉल्व्हला लावली, की काही क्षणांत टायर टणक होतो. महागड्या सायकलींच्या दुकानांत ही नळकांडी मिळतात. ती पाहून अनेक मुलांना वाटते, की पंपाचे दिवस आता संपले. माझे मत तसे नाही. आपल्या भागातल्या, रोज सायकल वापरणाऱ्या मुलामुलींसाठी पंपच अधिक चांगला आहे असे मला वाटते. पण मत सांगण्याआधी दोन्ही वस्तूंची नीट ओळख करून घेतली पाहिजे. ज्या वस्तूची माहिती नाही, तिला चांगले किंवा वाईट म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पहिल्यांदा सायकलीची चाके लोखंडी धावांची किंवा भरीव रबराची असत. त्यांवर बसणाऱ्याला रस्त्यावरचा प्रत्येक दगड जाणवत असे. १८४५ साली रॉबर्ट थॉमसन यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, पण तो टायर लोकांच्या वापरात रुळला नाही. पुढे बेलफास्ट शहरात राहणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर बनवला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून सायकल आणि हवा यांची जोडी जमली. हवेचा टायर आला म्हणजे हवा भरण्याचे साधनही आलेच.

पंपाची रचना अगदी सोपी आहे. एक लांब नळा असतो. त्यात दांड्याला जोडलेला दट्ट्या खालीवर होतो. दट्ट्याच्या टोकाला चामड्याचा किंवा रबराचा वाटीसारखा वॉशर असतो. दांडा वर ओढला, की नळ्यात बाहेरची हवा येते. दांडा खाली दाबला, की वाटीच्या कडा नळ्याला घट्ट चिकटतात. मग हवेला मागे जाता येत नाही आणि ती रबरी नळीतून टायरमध्ये शिरते. हवेची जागा कमी केली, की तिचा दाब वाढतो. हा नियम रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ साली मांडला. विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेला हा नियम पंप मारताना आपल्या मनगटाला कळतो. हवा दाबली गेली, की ती तापते. म्हणून दहा-वीस दाब दिल्यावर पंपाच्या खालच्या टोकाला हात लावला, तर ते गरम लागते.

नळकांड्याची युक्ती वेगळी आहे. त्यात कार्बन डायऑक्साइड हा वायू खूप दाबून, द्रवरूपात भरलेला असतो. तोटी उघडली, की द्रवाचा झपाट्याने वायू होतो आणि टायरमध्ये घुसतो. असे होताना उष्णता शोषली जाते. त्यामुळे नळकांडे इतके थंड पडते, की त्यावर हिमाचा पांढरा थर जमतो. उघड्या हाताने ते घट्ट धरून ठेवले, तर कातडीला इजा होऊ शकते. पंप तापतो आणि नळकांडे गोठते. काम एकच, पण दोघांचा स्वभाव उलटा.

आता थोडे गणित करू. आपल्याकडच्या साध्या, मोठ्या चाकाच्या सायकलीच्या एका टायरमध्ये सुमारे अडीच लिटर जागा असते. तो टायर टणक होण्यासाठी त्यात बाहेरची आणखी सात ते साडेसात लिटर हवा कोंबावी लागते. ज्या उभ्या पंपाच्या नळ्यात एका वेळी ४०० मिलिलिटर हवा मावते, त्याचे सुमारे वीस दाब त्यासाठी पुरतात. हवा थोडीफार निसटते असे धरले, तरी पंचवीस-तीस दाबांत काम होते. नेहमी मिळणाऱ्या एका नळकांड्यात १६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. बाहेर आल्यावर त्याचा सुमारे ९ लिटर वायू होतो. म्हणजे एका नळकांड्यात एक टायर भरतो. दुसऱ्या टायरसाठी दुसरे नळकांडे हवे.

नळकांड्याची बाजूही प्रामाणिकपणे ऐकली पाहिजे. ते हलके असते, खिशात मावते. त्याला मेहनत लागत नाही. शर्यतीत उतरलेल्या सायकलपटूला एकेक मिनिट मोलाचे असते. त्याच्या टायरला दाबही जास्त लागतो आणि खिशातल्या छोट्या पंपाने तेवढा दाब आणताना हात भरून येतात. ज्यांच्या मनगटात किंवा खांद्यात जोर नाही, अशा वृद्धांना किंवा आजारी माणसांनाही नळकांडे सोयीचे वाटेल. अशा लोकांनी ते जरूर वापरावे. प्रश्न तुमचा-आमचा, रोज शाळेला जाणाऱ्यांचा आहे.

नळकांड्याने वेळ वाचतो, हे त्याचे सर्वांत मोठे कौतुक. पण किती वेळ वाचतो? पंक्चर झालेल्या टायरमध्ये नुसता गॅस भरून काही उपयोग नाही, कारण ज्या भोकातून हवा गेली त्याच भोकातून गॅसही जाईल. आधी टायर सोडवायचा, ट्यूब बाहेर काढायची, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे कोठून येतात ते पाहायचे. मग ती जागा कोरडी करून घासायची, सोल्यूशन लावायचे, ते सुकू द्यायचे आणि पॅच चिकटवायचा. टायरच्या आत बोट फिरवून काटा शोधून काढायचा, नाहीतर तोच काटा पुन्हा टोचतो. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटे तरी लागतात. शेवटी उरते ती हवा भरणे. उभ्या पंपाने ते काम दोन मिनिटांत होते आणि नळकांड्याने काही सेकंदांत. वाचली ती दोन मिनिटे. ज्याला पंक्चर काढता येत नाही, त्याच्या खिशात दहा नळकांडी असली तरी त्याला सायकल ढकलतच न्यावी लागेल.

दुसरी गोष्ट अशी, की नळकांडे एकच संधी देते. तोटी नीट बसली नाही आणि गॅस बाहेर गेला, तर तो परत मिळत नाही. पॅच नीट चिकटला नाही, तर भरलेला गॅस वाया जातो. नवशिक्याकडून अशी चूक होणारच. पंपाचे तसे नाही. पॅच निघाला, तर पुन्हा लावा आणि पुन्हा पंप मारा. पंप चूक करू देतो आणि चूक सुधारूही देतो. शिकणाऱ्याला अशीच वस्तू हवी असते.

तिसरी गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. ट्यूबच्या रबरातून कार्बन डायऑक्साइड साध्या हवेपेक्षा बराच लवकर झिरपून जातो. गॅस भरलेला टायर एक-दोन दिवसांतच मऊ पडू लागतो. म्हणून जाणकार सायकलस्वार घरी पोचल्यावर तो गॅस काढून टाकतात आणि पंपाने साधी हवा भरतात. म्हणजे नळकांडे घेतले तरी पंपाची गरज संपत नाहीच.

चौथी गोष्ट व्हॉल्व्हची. आपल्याकडच्या साध्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर बारीक रबरी नळी चढवलेली असते. दुकानात तिला वॉलट्यूब म्हणतात. ती हवेला आत येऊ देते, पण बाहेर जाऊ देत नाही. नळकांड्यांच्या तोट्या मात्र बहुतेक करून गिअरच्या सायकलींच्या आणि मोटारींच्या व्हॉल्व्हसाठी बनवलेल्या असतात. तोटी जुळली नाही, तर नळकांडे हातात असून काही उपयोग होत नाही. वॉलट्यूबचा एक इंचाचा तुकडा कोणत्याही गावच्या सायकलदुकानात मिळतो. नळकांडे पलूसच्या किंवा मेढ्याच्या साध्या दुकानात मिळेलच असे नाही.

खर्चाचेही पाहू. एका नळकांड्याची किंमत एक पंक्चर काढण्याच्या मजुरीपेक्षा जास्त असते आणि ते एकदाच वापरता येते. दोन-चार नळकांड्यांच्या पैशांत एक साधा उभा पंप येतो. त्याची काळजी घेतली, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. सांगलीकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या आसपास जातो. अशा उन्हात सायकलीच्या पिशवीत नळकांडे ठेवून सायकल तापत उभी करणे धोक्याचे आहे. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही आणि उष्णता वाढेल तसा आतला दाब वाढत जातो. पंप उन्हात राहिला, तर फार तर त्याचा वॉशर वाळेल.

काही जण म्हणतात, की नळकांड्यातल्या गॅसमुळे वातावरण बिघडते म्हणून ते वापरू नये. हा मुद्दा मला पटत नाही. १६ ग्रॅम गॅस ही फार लहान गोष्ट आहे. आपण शांत बसून राहिलो, तरी अर्ध्या-पाऊण तासात तेवढा कार्बन डायऑक्साइड श्वासातून बाहेर टाकतो. शिवाय नळकांड्यात भरलेला वायू बहुधा कारखान्यांतल्या दुसऱ्या कामांतून निघालेलाच असतो. आपली बाजू बळकट करण्यासाठी कच्चा मुद्दा वापरू नये. खरी हानी गॅसची नाही, पोलादाची आहे. खाणीतून खनिज काढले, भट्टीत पोलाद केले, त्याचे भक्कम नळकांडे बनवले, लांबून वाहून आणले आणि काही सेकंदांत ते निकामी झाले. नंतर ते भंगारवाल्याकडे पोचले तर ठीक. रस्त्याच्या कडेला पडले, तर तो कचराच.

कोणी विचारेल, दुकानात विजेवर चालणारी हवेची मशीन असताना पंप तरी कशाला हवा? ती मशीन उपयोगी आहे यात शंका नाही. पेट्रोल पंपावरही हवा मोफत मिळते. पण वीज गेली, की मशीन थांबते आणि रात्री दुकान बंद असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा संकटाच्या दिवसांत वीज, दुकान आणि पेट्रोल या तिन्हींचा भरवसा नसतो. पूर ओसरल्यावर औषध आणायला किंवा नातेवाइकांची चौकशी करायला जी सायकल बाहेर काढायची, तिच्यासाठी घरातला पंपच कामी येतो. हवा सगळीकडे आहे, फुकट आहे. ती आत घालण्याचे साधन मात्र आपल्या हातात असले पाहिजे.

माझा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. पंप आपल्याला वस्तू उघडून पाहायला आणि दुरुस्त करायला शिकवतो. दुरुस्तीचे काम हलके समजणाऱ्यांनी आपल्याच भागाचा इतिहास पाहावा. ज्या १८८८ साली डनलॉप यांनी पेटंट घेतले, त्याच साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात सायकलींचे छोटे दुकान काढले. सायकली विकणे आणि दुरुस्त करणे यांपासून सुरुवात करून ते कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर बनवू लागले. १९१० साली औंध संस्थानच्या राजांनी त्यांना कुंडलजवळच्या माळरानावर जागा दिली. तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे तेथे पाण्याचे पंप तयार होऊ लागले. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. एवढ्या मोठ्या उद्योगाचे मूळ सायकलीच्या दुकानात आहे.

मिरजेचे उदाहरण तर तुमच्या आणखी ओळखीचे असेल. तेथील शिकलगार मंडळी पूर्वी शस्त्रांना धार लावत. शस्त्रांचे काम कमी झाल्यावर हे कुशल कारागीर वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले. दुरुस्ती करता करता ते स्वतःच तंबोरे आणि सतारी घडवू लागले. फरीदसाहेबांचे नाव या परंपरेत आदराने घेतले जाते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आधी हात दुरुस्तीला बसले, मग ते निर्मितीला लागले. जी वस्तू वापरून फेकून द्यायची, ती उघडून पाहण्याची वेळच येत नाही आणि मग तिच्यापासून काही शिकताही येत नाही.

म्हणून मी एक साधी सूचना करतो. प्रत्येक शाळेच्या सायकलस्टँडमध्ये एक उभा पंप असावा. त्याच्याजवळ एका डब्यात पॅच, सोल्यूशन, घासायचा कागद, वॉलट्यूब आणि टायर सोडवायच्या दोन पट्ट्या ठेवाव्यात. शेजारी पाण्यासाठी एक घमेले असावे. वर्गातल्या मुलांनी आणि मुलींनी थोडे थोडे पैसे जमवले, तरी हे सारे विकत घेता येईल. पंक्चर काढायला प्रत्येक वर्गातल्या निदान चार जणांनी शिकावे आणि त्यांत मुली अवश्य असाव्यात. जिला स्वतःची सायकल सुरू करता येते, तिला रस्त्यात कोणाची वाट पाहत उभे राहावे लागत नाही.

पंपाचीही थोडी निगा राखावी. महिन्यातून एकदा वॉशरला तेलाचे दोन थेंब द्यावेत. वॉशर झिजला, तर तेवढाच बदलावा. त्यासाठी पंप टाकून देऊ नये. सकाळी निघण्यापूर्वी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहावेत. कमी हवेच्या सायकलीला जास्त जोर लागतो. शिवाय खड्ड्यात आदळल्यावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि फाटते. घाटाच्या उतारावर मऊ टायर घेऊन जाणे तर जिवावर बेतू शकते.

एखाद्या दिवशी कासच्या पठाराकडे किंवा त्याहून लांब जायचे असेल आणि कोणी प्रेमाने नळकांडे दिले, तर ते जरूर जवळ ठेवा. नव्या वस्तूशी आपले वैर नाही. पण नळकांडे असावे ते अडचणीच्या वेळचा पाहुणा म्हणून, आणि पंप असावा घरच्या माणसासारखा. पाहुणा एकदा मदत करून निघून जातो. घरचा माणूस उद्याही असतो, परवाही असतो. सायकल तुमची आहे, रस्ता तुमचा आहे आणि हवा सर्वांची आहे. तेवढी मनगटाची मेहनत आपण स्वतः करू या.